तीन जुळवा, वस्तू शोधा

रंगीत चौकटींच्या पटावर शेजारशेजारच्या दोन वस्तूंची अदलाबदल करून एकसारख्या तीन एका ओळीत आणायच्या, एवढाच ‘तीन जुळवा’ खेळांचा नियम. जुळलेल्या वस्तू नाहीशा होतात, वरच्या खाली घसरतात आणि रिकाम्या जागी नव्या येतात. घसरताना आणखी तिकडी आपोआप जुळली, तर गुण फुकटात मिळतात. खेळाची खरी चटक या फुकटच्या गुणांत आहे.

१९९४ मध्ये रशियात तयार झालेला ‘शारिकी’ हा या प्रकारातला आरंभीचा खेळ. २००१ च्या ‘बिज्वेल्ड’ने हा प्रकार घरोघरी नेला. ‘बिज्वेल्ड’च्या पटावर आठ गुणिले आठ घरे आणि सात प्रकारची रत्ने असतात. तिकडी जुळत नसेल तर केलेली चाल आपोआप मागे फिरते. २०१२ मध्ये आलेल्या ‘कँडी क्रश सागा’त चार गोळ्या एका ओळीत जुळवल्या की पट्टेदार गोळी मिळते, ती फुटली की अख्खी रांग साफ होते. मात्र पाच जीव संपले की नव्या जीवासाठी अर्धा तास थांबा किंवा पैसे मोजा. धंद्याची मेख नेमकी इथे आहे.

वस्तू शोधण्याच्या खेळात अडगळीने भरलेले चित्र आणि सोबत यादी असते: कात्री, किल्ली, मोरपीस. कात्री बहुधा पडद्याच्या नक्षीत बेमालूम दडवलेली सापडते. ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल’ (२००५) या खेळाने शोधाला गुन्ह्याच्या तपासाची जोड दिली. अनेक खेळांत उगाच क्लिक करत सुटल्यास वेळ कापला जातो.