हजेरीचं पदक

मारुंजीहून सकाळी नऊच्या सुमाराला हिंजवडीकडे निघालं की अँब्युलन्स आधी ऐकू येते आणि बऱ्याच उशिरा दिसते. मागे सायरन, पुढे कंपन्यांच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, काँक्रीटचे मिक्सर आणि या सगळ्यांच्या मधून घुसणारे दुचाकीवाले. बाजूला व्हायला कुणाचीच ना नसते, पण बाजूच नसते. तेवढ्या चार-सहा मिनिटांत माझ्या डोक्यात दर वेळी एकच प्रश्न येतो: ही गाडी ज्याच्यासाठी निघाली आहे, त्याच्याजवळ गाडीच्या आधी कोण होतं?

हा प्रश्न मला एका कागदाने लावून दिला. भोसरीतल्या एका कारखान्यात मी नोकरीला असताना तिथल्या दवाखान्याच्या खोलीत भिंतीवर एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं. वर पांढरा, आठ टोकांचा क्रूस. आम्ही सगळे त्याला ‘रेड क्रॉसचा कागद’ म्हणायचो. खरं तर रेड क्रॉसचं चिन्ह म्हणजे साधी लाल अधिक-खूण. हे चिन्ह वेगळं होतं आणि संस्थाही वेगळी: सेंट जॉन अँब्युलन्स. पुढे त्यांचा प्रथमोपचाराचा वर्ग आमच्याकडे झाला. शिकवायला आलेले गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले होते. त्यांच्या छातीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक बोटभर फीत होती. मला वाटलं, कुठल्या तरी अपघातात माणसं वाचवल्याबद्दल पदक मिळालं असेल. विचारल्यावर कळलं की तसं काही नव्हतं. ते वर्षानुवर्षं न चुकता येत राहिले, म्हणून ती फीत होती.

कारखान्यातल्या माणसाला ही गोष्ट चमत्कारिक वाटते. आमच्याकडे हजेरीचा पगार मिळतो, पदक नाही.

त्या वर्गातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर ती त्रिकोणी पट्टी. साधारण मीटरभर चौरस मांजरपाट कर्णावर कापला की दोन पट्ट्या होतात. उलगडून गळ्यात अडकवली की मोडलेल्या हाताची झोळी. घडी घालून रुंद केली की बरगड्यांना आधार, आणखी घड्या घालून अरुंद केली की मोडलेला पाय चांगल्या पायाशी बांधायला दोर. चोळामोळा केला की रक्त दाबून धरायला बोळा, डोक्यावर टाकली की टोपी. गाठ मारायची ती सपाटच: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. उलट झालं तर गाठ घसरते किंवा जखमी माणसाला टोचत राहते. आमच्यातला एक फिटर ती गाठ सतत उलटी मारायचा आणि ते गृहस्थ सतत सोडवायला लावायचे. तासाभरात त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. पंधरा-वीस वर्षं तीच गाठ शिकवायची, तर असाच स्वभाव हवा.

अँब्युलन्स म्हणजे गाडी, ही आपली समजूत तशी अलीकडची. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘चालणं’ आहे आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सैन्याबरोबर फिरणारा दवाखाना असा झाला. सेंट जॉनच्या नावातली अँब्युलन्स म्हणजे मुख्यतः माणसं. आपल्याकडे तर गाडी नव्हती तेव्हा बाज होती, डोली होती, नाहीतर कुणाची तरी पाठ होती. १८९७च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांना कुणी पदक दिलं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नसतं.

सेंट जॉनची गोष्ट सुरू होते एका धर्मशाळेपासून. अकराव्या शतकात इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी ती बांधली. यात्रेला येणारा माणूस थकून येतो, आजारी पडतो, कधी तिथेच मरतो. पंढरपूर-आळंदीची धर्मशाळा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. धर्मशाळेचं रुग्णालय झालं, जेरार्ड नावाच्या प्रमुखाच्या हाताखाली सेवेकऱ्यांचा संघ जमला आणि १११३ साली पोपने त्याला मान्यता दिली. या संघाच्या नियमांत रुग्णाला धनी मानलं होतं. आपण चाकर आणि खाटेवर पडलेला तो मालक. वारीत अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणून पाया पडतात, त्याच्या जवळपासची ही रीत वाटते.

इथे हात आखडता घेऊन चालणार नाही. याच संघाने पुढे तलवार उचलली आणि क्रूसेडच्या लढायांत हा सेवेकरी संघ मोठी फौज होऊन उतरला. जेरुसलेम गेलं, १२९१ मध्ये एकर शहर गेलं, मग ठाणं ऱ्होड्सला, मग १५३० पासून माल्टाला. तिथून १७९८ मध्ये नेपोलियनने हुसकावलं. या सात शतकांत रुग्णालयं चालली हे खरं आणि माणसं मारली हेही खरं. पांढरा क्रूस दोन्ही कामांत अंगावर होता. आज त्या चिन्हाखाली पट्टी बांधणाऱ्याला हा हिशेब द्यावा लागत नाही, पण लिहिणाऱ्याने तो झाकूही नये.

आपल्याला माहीत असलेली संस्था इंग्लंडमध्ये जन्मली, तीही रणांगणावर नव्हे. १८७७ मध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली, कारण खाणींत, रेल्वेत आणि कारखान्यांत रोज माणसं चिरडली जात होती आणि डॉक्टर येईपर्यंत रक्त वाहून मरत होती. पहिले वर्ग घेणाऱ्यांत पीटर शेफर्ड हा लष्करी शल्यवैद्य होता. ‘फर्स्ट एड’ हा शब्द रूढ झाला तो याच वर्गांमधून. शेफर्ड १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसान्डल्वानाच्या लढाईत मारला गेला. १८८७ मध्ये गणवेशातल्या स्वयंसेवकांची ब्रिगेड उभी राहिली, म्हणजे शिकलेल्यांनी आता गर्दीत जाऊन उभं राहायचं. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने या दोन्हींच्या मागे असलेल्या संघाला, जुन्या संघाचं नाव चालवणाऱ्या ‘ऑर्डर ऑफ सेंट जॉन’ला, सनद दिली.

आता पदकाकडे. या ऑर्डरने शौर्याचं पदक १८७४ मध्येच सुरू केलं होतं, जिवावर उदार होऊन दुसऱ्याला वाचवणाऱ्यांसाठी. सेवेचं पदक आलं १८९८ मध्ये. त्याची मूळ अट पंधरा वर्षांची होती. वर्ष मोजायचं तेही नुसतं नाव पटावर आहे म्हणून नाही: ठरलेल्या कवायती, पुन्हा परीक्षा, वार्षिक पाहणी. तेवढं झालं तर ते वर्ष धरायचं. पुढच्या दर पाच वर्षांना फितीवर एक पट्टी. पदकावर व्हिक्टोरियाचा चेहरा आहे. राणी १९०१ मध्ये वारली, तिच्यानंतर इंग्लंडच्या गादीवर किती जण बसले, पण हा चेहरा काही बदलला नाही.

मला या पदकाचा खरा मोठेपणा दुसरीकडेच दिसतो. ऑर्डरच्या आत पायऱ्या होत्या: सर्व्हिंग ब्रदर, ऑफिसर, कमांडर, नाइट. ऑर्डर ख्रिस्ती, शपथ ख्रिस्ती. मग मुंबईतला पारशी किंवा हिंदू स्वयंसेवक तिथे कसा बसायचा? त्यासाठी ‘असोसिएट’ असा वेगळा वर्ग केला गेला. मान मिळायचा, पण उंबऱ्याच्या बाहेरचा. पुढे ही अट सैल झाली. सेवेच्या पदकाला मात्र हा उंबरा नव्हता. ते मिळाल्याने कुणी ऑर्डरचा सदस्य होत नव्हता, आणि सदस्य व्हायची गरजही नव्हती. जो आला, त्याचं वर्ष मोजलं. साम्राज्याच्या मानापमानाच्या त्या सगळ्या उतरंडीत मला ही एकच गोष्ट सरळ वाटते.

मानाच्या पायरीवर बसलेल्यांतही काही नावं आपल्या ओळखीची आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलना १९०४ मध्ये ‘लेडी ऑफ ग्रेस’ केलं गेलं. त्याच बाई, ज्यांचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर सेंट जॉन ब्रिगेडच्या मुख्य आयुक्त होत्या. घटनेच्या अठराव्या कलमाने परदेशी राज्याने दिलेले किताब भारतीय नागरिकाला बंद झाले, पण या ऑर्डरच्या नाइटला तसंही नावामागे ‘सर’ लावता येत नव्हतं, त्यामुळे फार काही अडलं नाही. आज भारतातल्या सेंट जॉनचे अध्यक्ष राष्ट्रपती असतात आणि रेड क्रॉसचेही तेच. दोन्ही संस्थांची दिल्लीतली मुख्यालयंही एकाच आवारात आहेत. आमच्या कारखान्यात झालेला तो घोटाळा अगदीच निराधार नव्हता म्हणायचा.

महाराष्ट्रात सेंट जॉन रुजलं ते प्रामुख्याने रेल्वेत. कारण उघड आहे: घाटात, यार्डात, रुळांवर डॉक्टर लगेच येत नाही, पॉइंट्समन, गार्ड आणि स्टेशनमास्तर मात्र तिथेच असतात. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रथमोपचार स्पर्धा आजही भरतात. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस भोसरीत गाठ शिकवायला येतो, त्यामागे हा इतिहास आहे.

पिंपरी-भोसरीच्या या पट्ट्यात कारखाने आले तसा कायदाही आला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि मग आकुर्डी, भोसरी, पुढे चाकणपर्यंत शेड पसरत गेल्या. १९४८च्या कारखाने कायद्याचं ४५वं कलम त्या सगळ्यांना लागू होतं. दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी. प्रत्येक पेटीला स्वतंत्र जबाबदार माणूस, त्याच्याकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, आणि कामाच्या वेळात तो सतत हाताशी असला पाहिजे. पाचशेच्या वर कामगार असतील तर अँब्युलन्स रूम. जुना कायदा आता नव्या श्रमसंहितेत गेला, पण अँब्युलन्स रूमची अट तिथेही आहे. कलम वाचताना माझी बोटं थांबतात ती ‘सतत हाताशी’ या शब्दांवर. प्रमाणपत्र फ्रेममध्ये घालता येतं, हाताशी असणं घालता येत नाही. आमच्या त्या कारखान्यात पेटीवर ज्याचं नाव रंगवलं होतं, तो नोकरी सोडून वर्ष झालं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्कामाला येते. त्या रात्री पट्टी, मलम, मिठाचं कोमट पाणी घेऊन बसलेली मंडळी बघावीत. पायाला आलेले फोड, भेगा, सुजलेले घोटे. काही वारकऱ्यांच्या तोंडी पहिलाच प्रश्न असतो, कितवी वारी? उत्तर आकड्यात येतं आणि ऐकणारा त्या आकड्याला नमस्कार करतो. त्या वर्षी ऊन किती होतं, पाऊस किती लागला, हे नंतर. नेम चुकला नाही, हे आधी. सेवेच्या पदकाचा तर्क समजावून सांगायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही. इंग्रजांनी त्याला पट्टी जोडली, आपण त्याला नेम म्हणतो.

आज आपल्याकडे गाडी आहे. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ अँब्युलन्स होत्या आणि त्यांचा फोन औंधच्या केंद्रात वाजायचा. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. इंग्रजीत त्याला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. मराठी बायबलमधला तो शोमरोनी, रस्त्यात लुटलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून पट्टी बांधणारा. केंद्राने २०२१ मध्ये अशा माणसाला ५,००० रुपये द्यायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्ये योजनेचं नाव ‘राह-वीर’ ठेवून रक्कम २५,००० केली. बक्षीस चांगलंच आहे, भीती मोडायला ते हवंच. पण ते एका अपघाताचं, एका तासाचं बक्षीस आहे. दर रविवारी मैदानावर येऊन नव्या पोरांकडून पट्टी बांधून घेणाऱ्याला त्यात जागा नाही. आणि राह-वीराला नेमकं काय करायचं हे शिकवणारा तोच.

मारुंजी मुळशी तालुक्यातलं गाव. अजून ग्रामपंचायत आहे, शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क, कासारसाईच्या बाजूला मोठमोठ्या वसाहती, थोडं पुढे किवळ्याला द्रुतगती मार्गाचं तोंड. इथल्या पंचवीस मजली इमारतींमध्ये लिफ्ट आहे, जिम आहे, गेटवर तिघे रखवालदार आहेत. हृदय बंद पडलं आणि मदत मिळाली नाही, तर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात. हे शिकायला दोन तास पुरतात. आयटी कंपन्यांत मजल्यामजल्यावर ‘फर्स्ट एडर’ची पाटी असते, पण तो संध्याकाळी घरी आला की सोसायटीत त्याला कुणी ओळखत नाही.

माझी एक विनंती आहे. हा अंक हातावेगळा करून उद्या कामावर जाल, तेव्हा आपल्या खात्यातली प्रथमोपचाराची पेटी शोधा. तिच्यावर ज्याचं नाव लिहिलं आहे, तो आज कोणत्या पाळीत आहे, तेवढं विचारून या. आणि नाव कोरं असेल, तर आपलं लिहा.