पासवर्ड कुणाच्या यंत्रात ठेवायचा?

बऱ्याच बचत गटांत पेटी एकीकडे आणि तिची किल्ली दुसरीकडे ठेवतात. आज आपण अशाच एका किल्लीबद्दल बोलू, पासवर्डबद्दल.

2024 साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली, तेव्हा संकेतस्थळावरून अर्ज भरायचा तर मोबाईल नंबर आणि पासवर्ड घालून खातं उघडावं लागायचं. 'आपले सरकार'वरून उत्पन्नाचा दाखला काढायचा, तर तिथंही पासवर्ड लागतो. पैठण असो की सोयगाव, आपल्यापैकी पुष्कळजणींची ही खाती ई-सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच्याच हातानं उघडली गेली. पासवर्ड काय ठेवला असं विचारलं, तर उत्तर येतं, "ते त्या दादालाच ठाऊक!"

पासवर्ड टाकला की स्क्रीनवर एक चौकट येते, 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' हे विचारतो तो ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण संकेतस्थळं उघडतो ते क्रोमसारखं ॲप. 'सेव्ह करा' दाबलं की पासवर्ड त्या यंत्रात राहतो. शिवाय त्या क्रोममध्ये कुणाचं गूगल खातं चालू असेल, तर तो त्या खात्यातही जाऊ शकतो. खातं केंद्रचालकाचं असेल, तर आपला पासवर्ड त्याच्या मोबाईलवरही दिसेल. माणूस भला असेलही, पण उद्या त्या खुर्चीत कोण बसेल हे कुणी सांगावं? म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर 'कधीही नाही' दाबायला सांगा आणि उठण्याआधी लॉग आउट करायला लावा. लाज कसली, खातं आपलं आहे.

आधीच सेव्ह झाला असेल तर? केंद्रावर जाऊन भांडायची गरज नाही. आपल्या मोबाईलवर ते संकेतस्थळ उघडायचं, 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवायचं. बहुतेक ठिकाणी ओटीपी येतो आणि नवा पासवर्ड ठेवता येतो. मग जुना तिथं पडून राहिला तरी निकामी. मात्र खात्याला जोडलेला नंबर आपलाच आहे ना, हे आधी पाहा. घाईत दुसऱ्याचा नंबर टाकलेला असला तर ओटीपीही त्याच्याकडेच जाणार. तसं असेल तर आधी नंबर बदलून घ्या.

आता स्वतःच्या मोबाईलचं. फोन एकटीचा असेल आणि त्याला लॉक असेल, तर खुशाल सेव्ह करा. पुन्हा पाहायचा झाला तर क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, त्यात सेटिंग्ज, आणि तिथं पासवर्ड मॅनेजर. फोनचं लॉक उघडल्याशिवाय तो पासवर्ड दाखवत नाही. पण लॉकचा आकडा घरातल्या पोराटोरांना पाठ असेल, तर त्या लॉकला काय अर्थ? अशा घरात पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलेला बरा. वहीला लोक हसतात, आम्ही हसत नाही. परगावचा भामटा तुमच्या कपाटात डोकावू शकत नाही.

सेव्ह करण्याचा आणखी एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. पासवर्ड कोणत्या पत्त्यासाठी ठेवलाय, हे ब्राउझर लक्षात ठेवतो. व्हॉट्सॲपवरच्या लिंकमधून हुबेहूब सरकारी दिसणारं पान उघडलं, पण नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड या वेळी आला नाही, तर तिथंच थांबा. वरचा पत्ता वाचा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचं नाव सहसा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असं संपतं.

यूपीआय पिन आणि ओटीपी मात्र कुठंही साठवायचे नाहीत, कुणाला सांगायचेही नाहीत. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

राहिलं गटाचं. गटाचा ईमेल अध्यक्षताईंच्या मुलाच्या फोनवर उघडलेला असतो, पुढं पदाधिकारी बदलतात आणि पासवर्ड जुन्याच घरात राहतो. पासबुक आणि रजिस्टर नव्या सचिवताईंच्या हाती देता ना, त्याच बैठकीत ईमेलचा पासवर्डही बदला आणि जुन्या फोनवरून खातं काढून टाका. इतिवृत्तात 'पासवर्ड बदलला' एवढंच लिहा, नवा पासवर्ड लिहू नका.