कृत्रिम खुबा निकामी झाल्यावर

कृत्रिम खुबा निकामी होतो तो बऱ्याचदा दोनपैकी एका कारणाने: तो हाडात सैल होतो, नाहीतर त्यात जंतुसंसर्ग होतो. सैल सांधा काढून, झिजलेल्या हाडाची भर करून, लांब दांड्याचा नवा सांधा बसवता येतो. कधी सांध्याची बनावटच नडते: धातूवर धातू घासणारे एएसआर नावाचे खुबे ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. भारतात ते बसवलेले रुग्ण सुमारे 4,700 होते. झिजून सुटलेला कोबाल्ट-क्रोमियमचा चुरा सांध्याभोवतालचे मांस नासवत असल्याने अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

संसर्ग जास्त चिवट. जंतू धातूवर चिकट थर करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराआड औषधाची मात्रा चालत नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांनी दुखणे दबते, जात नाही. सांध्यातले पाणी तपासण्याआधीच प्रतिजैविके सुरू केली, तर नेमका जंतू सापडणेही अवघड होते. ही चूक फार महागात पडते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच संसर्ग कळला आणि सांधा पक्का असला, तर आतून धुऊन, गोळा व वाटीचे अस्तर बदलून तो वाचवता येतो. थर जुना झाला की सांधाच काढावा लागतो. निवडक रुग्णांत नवा सांधा त्याच वेळी बसवतात. एरवी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवून, संसर्ग शमल्यावर कायमचा बसवतात. कोकण किनाऱ्यावरच्या जयगडच्या रुग्णाला यासाठी सुमारे 45 किलोमीटरवरची रत्नागिरीही पुरेलच असे नाही; दोन मोठ्या शस्त्रक्रियांसाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. मधले काही आठवडे, कधी महिने, कुबड्यांवर काढावे लागतात.

हेही जमण्यासारखे नसेल, तर गर्डलस्टोन शस्त्रक्रिया उरते. ऑक्सफर्डच्या गॅथॉर्न रॉबर्ट गर्डलस्टोन यांनी ती कृत्रिम खुबे रूढ होण्याच्या कितीतरी आधी, क्षयाने वा पुवाने नासलेल्या खुब्यांसाठी वापरली. आता तीत कृत्रिम सांधा काढून जागा रिकामी ठेवतात. तिथे वण भरून मांडीचे हाड त्यावर टेकते. पाय काही सेंटिमीटर आखूड होतो, चाल लंगडी होते. काठी आणि उंच टाचेचे पायताण लागते. तरीही या शस्त्रक्रियेला निव्वळ हार मानणे योग्य नाही. पू थांबतो, वेदना पुष्कळ कमी होतात आणि अनेकांना खाली मांडी घालून वा उकिडवे बसता येते. कृत्रिम खुब्यासोबत नेमकी अशा बसण्याचीच मनाई बहुधा येते. कोकणातल्या घरात जेवणापासून मासळी निवडण्यापर्यंत किती कामे जमिनीवर बसूनच होतात! मात्र जेटीवरून होडीत पाय टाकणे अवघडच राहते.

संसर्ग पुरता गेला आणि हाड व स्नायू धड असले, तर पुढे याच रिकाम्या जागेत नवा खुबा बसवता येतो.