सल्फोनामाइड विकररोधके

सल्फोनामाइड विकररोधके ही सल्फा वर्गातील सेंद्रिय संयुगे असून ती विकराच्या (एंझाइमच्या) क्रियाशील स्थानी जोडली जातात व त्याचे कार्य रोखतात. कार्बोनिक ॲनहायड्रेज या विकराची रोधके हे त्यांचे महत्त्वाचे उदाहरण होय. काचबिंदूच्या उपचारांत ती वापरली जातात.

इतिहास

गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या रंगद्रव्याचा जंतुरोधक गुण प्रसिद्ध केला. शरीरात त्यापासून सल्फानिलामाइड तयार होते, हे पुढे दिसून आले. सल्फानिलामाइड कार्बोनिक ॲनहायड्रेजला रोखते, असे मान व केलिन यांनी १९४० मध्ये दाखविले. त्या आधारे १९५० मध्ये रॉब्लिन व क्लॅप यांनी ॲसिटाझोलामाइड हे अधिक प्रभावी संयुग प्रसिद्ध केले.

कार्यपद्धती

हे विकर कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून बायकार्बोनेट तयार करते. त्याच्या क्रियाशील स्थानी तीन हिस्टिडिनांनी धरलेला जस्ताचा आयन असतो. सल्फोनामाइड गटातील नायट्रोजन प्रोटॉन गमावून या आयनाशी जोडला जातो आणि तेथील पाण्याला हटवितो. म्हणून या नायट्रोजनावर दुसरा गट नसणे येथे सामान्यतः आवश्यक असते. याउलट सल्फामेथॉक्साझोलसारखी जंतुरोधके, नायट्रोजनावर गट असूनही, जीवाणूंमधील डायहायड्रोटेरोएट सिंथेज या वेगळ्या विकराला रोखतात.

संश्लेषण व चाचणी

ॲरोमॅटिक संयुगावर क्लोरोसल्फोनिक आम्लाची क्रिया करून सल्फोनिल क्लोराइड मिळवितात. त्यावर अमोनियाची क्रिया केल्यास सल्फोनामाइड तयार होते. वलयावरील इतर गट बदलून संयुगांची मालिका बनविली जाते. चाचणीत पॅरा-नायट्रोफेनिल ॲसिटेट वापरल्यास त्याच्या विघटनातून पिवळा रंग येतो. रोधक प्रभावी असेल, तर रंग सावकाश वाढतो. विकराची क्रियाशीलता निम्म्यावर आणणारी संहती जितकी कमी, तितके संयुग प्रभावी मानतात.

उपयोग व मर्यादा

डोळ्यातील द्रवाच्या निर्मितीसाठी बायकार्बोनेट लागते. विकर रोखल्यास द्रव कमी तयार होतो, नेत्रदाब घटतो आणि दृष्टिचेतेची हानी रोखण्यास मदत होते. आधी गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. ॲसिटाझोलामाइड पोटात घेतल्यास ते इतर अवयवांतील विकरांनाही रोखते. त्यामुळे हातापायांना मुंग्या येणे, मूतखडा होणे असे त्रास संभवतात. १९९० च्या दशकात आलेल्या डोर्झोलामाइडच्या थेंबांनी ही अडचण बरीच कमी केली. मानवी शरीरात या विकराची अनेक रूपे आहेत. त्यांपैकी नेमके एकच रूप रोखणारे संयुग घडविणे, हे या संशोधनापुढील मुख्य आव्हान आहे.