घोडमाशी, सर्रा आणि रेंगाळणारा ताप

पावसाळा सुरू झाला की गोदाकाठच्या, तसेच सिंदफणा व मांजरा नद्यांच्या खोऱ्यांतील शिवारांत जनावरांना चावणाऱ्या माश्यांचा उपद्रव वाढतो. त्यांत आकाराने मोठी आणि चाव्याने अतिशय वेदनादायक अशी माशी म्हणजे घोडमाशी. ग्रामीण रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या माशीविषयी अनेक शंका विचारतात. त्यांचे निरसन व्हावे आणि जनावरांचे आरोग्य व माणसाचे आरोग्य यांतील नाते ध्यानात यावे, या हेतूने ही माहिती देत आहोत.

माशीची ओळख

घोडमाशी व तिची लहान बहीण हरीणमाशी या दोन्ही 'टॅबॅनिडी' या कुळातील होत. जगभरात या कुळाच्या चार हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. घोडमाशीचे शरीर दणकट व डोळे मोठे असतात. हरीणमाशीच्या पंखांवर गडद पट्टे असतात व ती बहुधा डोके आणि मान यांभोवती घोंगावते. दोन्हींचे नर फुलांतील मधुरसावर जगतात. रक्त शोषते ती केवळ मादी, कारण अंडी पक्व होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. पाण्याकाठच्या वनस्पतींच्या पानांवर ती शेकडो अंडी पुंजक्याने घालते. अळ्या ओल्या चिखलात वाढतात आणि कोषावस्था त्यामानाने कोरड्या मातीत पूर्ण होते. म्हणूनच तलाव, कालवे आणि ओढे यांच्या परिसरात या माश्या अधिक आढळतात. त्या भर उन्हात सक्रिय असतात. हालचाल, गडद रंग आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू त्यांना आकर्षित करतो.

चाव्यातून रोग कसा पसरतो

डास सुईसारखी सोंड त्वचेत खुपसतो. घोडमाशीची मुखांगे मात्र पात्यांसारखी असतात. ती त्वचा कापते आणि जखमेत साचलेले रक्त टिपून घेते. वेदना होताच जनावर शेपूट झाडते, कातडी थरथरवते. माशी अर्धपोटी उडते व लगेच शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या मुखांगांवरील ताजे रक्त या दुसऱ्या जखमेत मिसळते. रोगजंतूची माशीच्या शरीरात वाढ होत नाही. ती केवळ वाहक ठरते. एका दावणीला जवळजवळ बांधलेल्या जनावरांत हा प्रसार सहज घडतो.

अशा प्रकारे पसरणारा प्रमुख रोग म्हणजे 'सर्रा'. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात त्याचा परजीवी शोधला. त्यांच्याच नावावरून त्यास 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' म्हणतात. घोडमाश्या या रोगाचा प्रसार करतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रयोगाने दाखविले. घोडे, उंट व कुत्री यांत हा रोग तीव्र असतो: चढउताराचा ताप, रक्तक्षय, पायांवर सूज आणि खंगत जाणे. गाय, बैल व म्हशींत तो पुष्कळदा सौम्य स्वरूपात रेंगाळतो. वरकरणी धडधाकट दिसणारे जनावरही त्यामुळे रोगाचा साठा ठरू शकते.

आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांपैकी अनेकांची बैलजोडी हीच मुख्य मत्ता असते. मुकादमाकडून घेतलेली उचल तिच्याच बळावर फेडायची असते. बैल खंगला की कुटुंबाचा संपूर्ण हंगाम धोक्यात येतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील रुग्ण

हा परजीवी माणसास बाधत नाही, असा दीर्घकाळ समज होता. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला आणि हा समज बदलला. या रुग्णास सुमारे पाच महिने अधूनमधून ताप येत होता व त्या काळात रक्तातील परजीवींचे प्रमाण कमीजास्त होत होते. मेंदूभोवतीच्या द्रवात संसर्ग पोहोचला नव्हता. आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले जाणारे सुरामिन हे औषध देण्यात आले व रुग्ण बरा झाला. सखोल तपासणीने निश्चित झालेला या संसर्गाचा हा जगातील पहिला मानवी रुग्ण होय. त्याचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढील वर्षी कारणाचाही उलगडा झाला. मानवी रक्तातील 'अपोलिपोप्रोटीन एल-१' हे प्रथिन या परजीवीस मारते. या रुग्णात जनुकीय दोषामुळे ते तयारच होत नव्हते. रुग्णाच्या गावातील १,८०६ ग्रामस्थांची प्राथमिक रक्तचाचणी झाली. त्यांतील काहींच्या रक्तात परजीवीशी संपर्क सूचित करणारी प्रतिद्रव्ये आढळली. तथापि ज्यांची पुढील तपासणी झाली, त्यांपैकी कोणाच्याही रक्तात प्रत्यक्ष परजीवी सापडला नाही. मात्र व्हिएतनाममधील एका स्त्रीला हे प्रथिन सदोष नसतानाही संसर्ग झाल्याचे २०१६ मध्ये नोंदविले गेले. धोका अत्यल्प असला तरी तो शून्य नाही, एवढा बोध यातून घ्यावयाचा.

अन्य देशांत या कुळातील माश्या माणसास थेट रोग देतात. पश्चिम व मध्य आफ्रिकेत हरीणमाशी 'लोआ लोआ' हा डोळ्यांतून सरकताना दिसणारा कृमी पसरविते; अमेरिकेत ती 'ट्युलरेमिया' या जिवाणूजन्य ज्वराची वाहक आहे. एड्सचा विषाणू मात्र कोणत्याही माशीच्या वा डासाच्या चाव्याने पसरत नाही. ही भीती मनातून काढून टाकावी.

घ्यावयाची काळजी

चावा झालेली जागा साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि गार पाण्याची घडी ठेवावी. चुना, तंबाखू, माती वा शेण लावू नये. त्यातून धनुर्वातासारखा गंभीर रोग संभवतो. अंगावर गांधी उठणे, चेहऱ्यावर सूज अथवा धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. शेतात फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. हातावर जखम असताना जनावराच्या रक्ताशी संपर्क टाळावा. गोठ्याभोवती चिखल साचू देऊ नये आणि खंगत चाललेले जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

आपल्याकडील बहुतेक ताप हिवताप, डेंग्यू, विषमज्वर यांसारख्या परिचित कारणांनी येतात. तरीही वारंवार उलटणाऱ्या तापात रक्ताची तपासणी टाळू नये, आणि घरी जनावरे असल्यास, विशेषतः त्यांतील एखादे आजारी असल्यास, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हा परजीवी काचपट्टीवरील रक्ताच्या एका थेंबात साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू शकतो. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही; प्रशिक्षित तंत्रज्ञ, सुस्थितीतील सूक्ष्मदर्शक आणि पुन्हा एकदा पाहण्याचा धीर लागतो. ग्रामीण प्रयोगशाळेच्या या साध्या सोयींसाठी दिलेले साहाय्य असेच एखाद्या कष्टकऱ्याच्या अनुत्तरित तापाचे उत्तर ठरते.