ई-कॉमर्सच्या आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रमातील नवप्रवेशितांचे उद्बोधन : एक विचार

प्रस्तावना

पदव्युत्तर वर्गाचा पहिला दिवस बहुतेक महाविद्यालयांत सारखाच असतो. दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प, पाहुण्यांचा परिचय, ग्रंथालयाचे नियम. आणि दुसऱ्या दिवसापासून नियमित तासिका. सर्व विद्यार्थी एकाच विषयाचे पदवीधर असतील तर यात फारसे बिघडत नाही, कारण विषयाची भाषा त्यांना आधीच अवगत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका दिली. तथापि तिचा अवलंब महाविद्यालयांत प्रामुख्याने पदवीच्या प्रथम वर्षापुरता होताना दिसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यास उद्बोधनाची गरज नाही, असे आपण गृहीत धरतो. ई-कॉमर्ससारख्या आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमात हे गृहीत सर्वांत आधी कोसळते. प्रस्तुत लेखात अशा वर्गाचे उद्बोधन विषयाच्या अंगाने कसे करता येईल, याचा विचार केला आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

ई-कॉमर्स हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र या दोन विभागांनी मिळून असा अभ्यासक्रम सुरू केला. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाने त्यात विधी शाखेलाही सामावून घेतले. आपल्याकडे ई-कॉमर्स पुष्कळदा वाणिज्य शाखेतील एक प्रश्नपत्रिका म्हणून शिकविले जाते. संगमनेर महाविद्यालयासारख्या संस्थांत, जेथे १९६१ पासून कला, वाणिज्य व विज्ञान ही तिन्ही क्षेत्रे एका आवारात नांदत आहेत, तेथे साधनसामग्रीची अडचण तुलनेने कमी असते. अडचण वेगळीच आहे. शिक्षक एका आवारात असले तरी विद्यार्थ्याच्या डोक्यात विषय एकत्र येत नाहीत.

बी.कॉम. झालेला विद्यार्थी डेटाबेसच्या तासाला गप्प बसतो. संगणकशास्त्राचा पदवीधर करार कायद्याच्या तासाला ‘हे पाठांतर आहे’ असे म्हणून मन काढून घेतो. कला शाखेतून आलेला विद्यार्थी दोन्ही ठिकाणी संकोचतो. पहिल्या चार-सहा आठवड्यांत तयार झालेली ही सवय पुढे मोडत नाही आणि दोन वर्षांनी पदवी आंतरविद्याशाखीय राहते, पदवीधर मात्र राहत नाही.

एकच शब्द, तीन अर्थ

या दुराव्याचे मूळ शब्दांत आहे. ‘व्यवहार’ हाच शब्द घेऊ. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास व्यवहार म्हणजे नावे आणि जमा अशी दुहेरी नोंद. विधीच्या दृष्टीने तो प्रस्ताव आणि स्वीकृती यांतून, १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, निर्माण झालेला संबंध. संगणकशास्त्रात व्यवहार म्हणजे एक तर पूर्ण होणारे किंवा मुळीच न होणारे काम. अर्धवट व्यवहार तेथे मान्यच नाही. दुकानात एकच वस्तू शिल्लक आहे आणि दोन ग्राहकांनी एकाच क्षणी खरेदीची कळ दाबली, तर काय होईल? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकालाच ‘यशस्वी’ असा संदेश जाईल अशी व्यवस्था केली नसेल, तर दोघांना संदेश जातो, दोघांचे पैसे जमा होतात आणि विक्रेता एकास वस्तू देऊ शकत नाही. संगणकीय चूक अशा रीतीने करारभंगाचा वाद होते आणि हिशेबात परताव्याची नोंद होते. उद्बोधनाच्या पहिल्या तासिकेस हे एकच उदाहरण पुरेसे आहे. मात्र त्या तासिकेत तिन्ही शिक्षक वर्गात एकत्र उपस्थित असले पाहिजेत.

एका ऑर्डरचा प्रवास

त्यापुढील चार दिवस एकाच ऑर्डरचा पाठपुरावा करावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. समजा, संगमनेरमधील एका विद्यार्थिनीने ऑनलाइन बाजारमंचावरून परराज्यातील विक्रेत्याची १,००० रुपये करपात्र मूल्याची, १८ टक्के वस्तू व सेवा कर असलेली वस्तू घेतली आणि १,१८० रुपये यूपीआयने दिले.

पैशाचा मार्ग प्रथम पाहावा. राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, दोन्हीकडील ॲप चालविणारे घटक आणि मध्यवर्ती जोडणी असे अनेक पक्ष असतात. एका पक्षाकडून उत्तर आलेच नाही तर विद्यार्थिनीच्या खात्यातून रक्कम वजा झालेली असते आणि मंचावर ऑर्डर दिसत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असल्याने येथे वर्ग जागा होतो.

नंतर कर. व्यवहार आंतरराज्य असल्याने १८० रुपये एकात्मिक कर लागतो. शिवाय मंचचालकाने विक्रेत्याच्या वतीने निव्वळ करपात्र मूल्यावर कर गोळा करावयाचा असतो. ऑक्टोबर २०१८ पासून त्याचा दर एक टक्का होता, जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. म्हणजे आपल्या उदाहरणात पाच रुपये. हे पाच रुपये ग्राहकाकडून जास्त घेतलेले नसतात. ते विक्रेत्यास मिळणाऱ्या रकमेतून वळते होतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून नेमकी हीच गफलत होते. म्हणून ही आकडेमोड त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

शेवटी वस्तू सदोष निघाली असे मानावे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि त्यातील २००८ ची दुरुस्ती यांमुळे करार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून अग्राह्य ठरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण करावयाचे असते. ते न झाल्यास, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, विक्रेता कोठेही असो, तक्रारदार आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू शकते, म्हणजे अहिल्यानगरला. विद्यार्थ्यांना या तरतुदीचे आश्चर्य वाटते आणि मग कायदा पाठांतराचा विषय राहत नाही.

मंचाची जबाबदारी कोठवर, हा प्रश्न येथे सहज निघतो. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर एका सदस्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास अटक झाली. त्यावर वर्गात चर्चा घडवून आणावी, निष्कर्ष सांगू नये.

वारणेचा धडा

परदेशी कंपन्यांच्या कथा पाठ्यपुस्तकांत विपुल आहेत. उद्बोधनात मात्र आपल्या मातीतील उदाहरण अधिक बोलके ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. सहकारी साखर कारखान्याभोवतालच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे, बाजारभाव, शेतीविषयक माहिती, शासकीय सेवा अशी कल्पना मोठी होती. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः ऊसविषयक नोंदींपुरतीच वापरली गेली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांतील सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग केला आणि शेतकऱ्यास हवी असलेली माहिती त्याच्या हातात मिळू लागली. येथे यंत्राची क्षमता वाढलेली नव्हती, उलट घटली होती. वापरणाऱ्याची गरज काय, हे ओळखणे समाजशास्त्राचे आणि विपणनाचे काम असते. कला शाखेच्या विद्यार्थ्यास आपण या वर्गात का आहोत, याचे उत्तर येथे मिळते.

संगमनेर परिसरात असेच निरीक्षण दूध संकलन केंद्रावर करता येईल. वजन, फॅट, एसएनएफ, त्यावरून ठरणारा दर, हातात पडणारी पावती आणि बँकेत जमा होणारी रक्कम ही सारी साखळी विद्यार्थ्याने सकाळी उभे राहून पाहावी व कागदावर काढावी. तिला ई-कॉमर्स म्हणावे की नाही, यावर शिक्षकांतही मतभेद होतील. प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणावे.

भाषा आणि अंमलबजावणी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे मौन पुष्कळदा अज्ञानाचे नसून इंग्रजी संज्ञांच्या धास्तीचे असते. म्हणून उद्बोधन मराठीतून व्हावे, संज्ञा प्रचलित रूपातच ठेवाव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात अन्य शाखेच्या सोबत्याला आपल्या विषयातील एक संकल्पना समजावून द्यावी. जोड्या हजेरीपटाच्या क्रमाने नव्हे, पदवी पाहून लावाव्यात.

एक व्यावहारिक बाब राहते. प्रवेशफेऱ्या लांबतात, आणि उशिरा येणाऱ्यांतच अन्य शाखेचे विद्यार्थी अधिक असण्याची शक्यता असते. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सारे योजावयाचे तेच अनुपस्थित राहतात. यास्तव ऑर्डरच्या प्रवासाचा भाग अंतिम फेरीनंतर एकदा पुन्हा घ्यावा लागेल. तीन शिक्षक एका तासिकेस उपस्थित राहिल्यास तो कार्यभार कोणत्या विभागाच्या नावे मांडावयाचा, हा प्रश्न वेळापत्रक समितीपुढे येणारच. तो प्रवेश सुरू होण्यापूर्वीच विभागप्रमुखांनी एकत्र बसून सोडवावा. सत्र सुरू झाल्यावर तिसरा शिक्षक हळूहळू येईनासा होतो.