परजातीय स्वादुपिंड-पेशींचे प्रत्यारोपण आणि बालमधुमेह



काही महिन्यांपूर्वी भूम तालुक्यातील एक शेतकरी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीस घेऊन चिकित्सालयात आले. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. "डुकराच्या पेशी बसविल्या की सुई कायमची सुटते, असं छापलंय. डॉक्टरसाहेब, तोवर तुमच्या काढ्यावर ठेवता येईल का? सुई बंद करू का?" प्रश्न दोन होते. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. पहिल्याचे उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःलाच पुष्कळ वाचावे लागले. त्या वाचनाचे सार येथे मांडीत आहे.

प्रकार १ च्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशींचा नाश करते. त्यामुळे इन्शुलिन जवळजवळ निर्माणच होत नाही. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगून सहज प्रमेही कृश, रूक्ष, अल्पाशी व तृषार्त असतो असे वर्णिले आहे. चरकाचार्यांनी बीजदोषजन्य प्रमेह असाध्य मानला आहे. हे वर्णन बालमधुमेहाच्या पुष्कळ जवळ जाते. तथापि दोन्ही एकच, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. कारण या रुग्णांपैकी बहुतेकांच्या घरात पूर्वी कोणालाही हा विकार नसतो.

प्राण्याचे स्वादुपिंड वापरण्याची कल्पना इन्शुलिनपेक्षाही जुनी आहे. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यास मधुमेह होतो हे दाखविले. पुढे डिसेंबर १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डॉ. वॉटसन-विल्यम्स यांनी पंधरा वर्षांच्या अत्यवस्थ मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसविले. मुलगा तीन दिवसांत दगावला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे प्राण्याच्या स्वादुपिंडाचा अर्क एका मुलास प्रथम टोचला गेला आणि चित्र पालटले. गाई-डुकरांपासून काढलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या आपल्यातील ज्येष्ठ औषध विक्रेत्यांनी स्वतः विकल्या असतील. डुकराच्या व मानवाच्या इन्शुलिनमध्ये ५१ पैकी केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे, गाईच्या इन्शुलिनमध्ये तीनांचा. डुकराची निवड झाली ती मुख्यतः यामुळे, आणि त्यास एका वेळी पुष्कळ पिले होतात म्हणूनही. (आपली उस्मानाबादी शेळी का चालत नाही, असेही त्या गृहस्थांनी विचारले होते. जिल्ह्याचा अभिमान मलाही आहे. परंतु संशोधन डुकरावर झाले आहे.) अशा पेशी पोटातून देऊन उपयोग नाही, कारण इन्शुलिन हे प्रथिन असून ते जठरातच पचून जाते.

खरी अडचण आहे ती प्रतिकाराची, आणि ती दुहेरी आहे. परजातीय पेशी शरीरास परक्या वाटतातच. डुकराच्या पेशींवरील अल्फा-गॅल या शर्करेविरुद्ध आपल्या रक्तात आधीपासून प्रतिद्रव्ये असतात. शिवाय ज्या यंत्रणेने रुग्णाच्या स्वतःच्या बीटा पेशी मारल्या, ती अद्याप जागीच असते. यावरचा एक उपाय म्हणजे पेशींना समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म गोळ्यांत बंदिस्त करणे. आवरणातून साखर, प्राणवायू व इन्शुलिन ये-जा करतात. प्रतिकारपेशी आत शिरू शकत नाहीत. १९९६ मध्ये न्यूझीलंडमधील एका रुग्णाच्या उदरात अशा गोळ्या सोडल्या. त्याची इन्शुलिनची मात्रा सुमारे ३० टक्क्यांनी उतरली, पण वर्षभरात पूर्ववत झाली. साडेनऊ वर्षांनी तपासले असता काही पेशी जिवंत आढळल्या. जिवंत राहणे आणि पुरेसे काम करणे यांतले अंतर यावरून कळते. गोळ्यांभोवती तंतुमय ऊतक वाढते आणि आतील पेशी प्राणवायूविना क्षीण होतात.

हे सारे केवळ परदेशातच चालले होते असे मात्र नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातील द्वीपिका वेगळ्या काढून वाढविण्याच्या पद्धतींवर, तसेच कायटोसानसारख्या द्रव्यांच्या संरक्षक पटलांवर काम केले. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. हे काम प्रयोगशाळेतले. त्यास उपचार समजू नये.

दुसरी चिंता विषाणूंची. डुकराच्या गुणसूत्रांतच दडलेले विषाणू प्रयोगशाळेत मानवी पेशींना बाधा करू शकतात, असे १९९७ मध्ये दिसून आले. २०१७ मध्ये जनुक-संपादनाने ते निष्क्रिय केलेली पिले जन्मास आली. १९९७ मध्येच आसाममधील सोनापूर येथे डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णात डुकराचे हृदय बसविले. रुग्ण आठवड्याभरात दगावला आणि डॉक्टरांना मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली तुरुंगवास घडला.

अलीकडची ठळक प्रगती मानवी पेशींतील आहे. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांना दात्यांच्या द्वीपिका देऊन इन्शुलिनमुक्त करण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूलपेशींपासून बनविलेल्या द्वीपिकांची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षअखेरीस इन्शुलिन लागत नव्हते. मात्र प्रतिकारशामक औषधे घ्यावी लागत होती. अकरा वर्षांच्या मुलीला जन्मभर ती औषधे देणे हा सुईपेक्षा हलका पर्याय नाही, असे माझे मत आहे. डुकराच्या पेशींचा उपचार आपल्याकडे आज उपलब्ध नाही. कोणी पैसे घेऊन देऊ करीत असेल तर रुग्णास सावध करावे.

इन्शुलिन थांबविल्यास काय होते, हे मी एकदा पाहिले आहे. दुसरीकडे कोणाच्या तरी सांगण्यावरून सुई बंद केलेला एक मुलगा उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास अशा अवस्थेत आमच्याकडे आला. अजीर्ण समजून त्यास ग्लुकोजची सलाईन लावलेली होती. श्वासाला फळांसारखा गंध येत होता. सोलापूरला पोहोचेपर्यंत तो शुद्धीवर नव्हता, वाचला. तेव्हापासून वांती-उदरशूल असलेल्या प्रत्येक बालकाची रक्तशर्करा मी आधी तपासतो. आपली औषधे, आहार व दिनचर्या ही इन्शुलिनच्या जोडीने चालावीत, त्याच्या जागी नव्हे.

औषध विक्रेत्यांसाठी एवढेच : न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी, गोठू देऊ नये. उघडलेली सुमारे चार आठवडे चालते, पण चाळीस अंशांपुढच्या आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात नव्हे. त्या मुलीच्या घरी फ्रीज नाही. बाटली डब्यात घालून, एका मडक्यात दुसरे मडके, मध्ये ओली वाळू अशी व्यवस्था आम्ही करून दिली, आणि एप्रिल-मे महिन्यांत एका वेळी एकच बाटली द्यावी असे गावच्या दुकानदारास कळविले.